हैदराबादच्या अजानवर सोडलेला रोजा

फुप्पू,

परवा अकलूजहून सोलापूरला येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "आता तुमचा रमजान जवळ आला ना?" मी हो म्हटलं. त्यांचा पुढचा प्रश्न मला पाठ होता. अकलूजच्या माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये, बँकेत, घरमालकिणीकडे, दरवर्षी तो येतोच. "पाणीसुद्धा प्यायचं नाही?" मी म्हटलं, "नाही, पाणीसुद्धा नाही." बाई हळहळल्या आणि पिशवीतून एक पेरू काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. रमजानला अजून अवकाश होता, पण त्यांना माझी काळजी आत्तापासूनच लागली होती.

तू असतीस तर तुझं ठरलेलं उत्तर दिलं असतंस. "पानी न्हाय, चहा न्हाय, आन् शेजारणीची चुगली बी न्हाय. त्यातलं तिसरं लई अवघड हाय बघा." मग मोहोळ येईपर्यंत तुम्ही दोघींनी एकमेकींच्या शेजारणींची सगळी माहिती काढली असती.

तुझा चाळीसावा दिवस अजून व्हायचा आहे. लोक अजून भेटायला येतात, तू कशी होतीस ते मला सांगतात, आणि मी मान हलवते. तुझ्याशी घरी बोलायचे ते आपल्या दखनीत, 'तुमे' म्हणून. मराठीत लिहायला बसले तर 'तुम्ही' फार परकं वाटलं, म्हणून तू, मराठीत आत्याला म्हणतात तसं. रागावू नकोस. मराठी शाळेत घालायचा हट्ट तुझाच होता.

आज लिहायला बसले ते एका रोजासाठी. तुझा एक रोजा राहिला होता. त्यावरून आपण जवळजवळ वर्षभर भांडलो. भांडण तसंच ठेवून तू गेलीस, पण त्या रोजाचं पुढे काय झालं हे तुला कळायला हवं.

त्याआधी माझा पहिला रोजा आठवतो. मी दुसरीत होते आणि तेव्हा रमजान दिवाळीच्या सुट्टीत आला होता. आता तो थंडी सरताना येतो. आपलं वर्ष चंद्रावर चालतं, म्हणून रमजान दरवर्षी थोडा थोडा मागे सरकतो. माझ्या एवढ्याशा आयुष्यात तो दिवाळीतून पावसाळ्यात गेला, मग सोलापूरच्या मे महिन्यात येऊन आपली परीक्षा घेऊन गेला. तू म्हणायचीस, बरं आहे फिरतो ते, नाहीतर कुणाच्या तरी वाट्याला कायमचा उन्हाळा आला असता.

तर त्या दिवशी तू मला नवा फ्रॉक घातलास, गळ्यात मोगऱ्याचा हार घातलास. पहिला रोजा ठेवणाऱ्या पोराचं असं कौतुक करतात. दुपारी शेजारच्या पाटील काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि मी, हारासकट, चकलीचा तुकडा तोंडात टाकला. अर्धा गिळल्यावर आठवण झाली. मी भोकाड पसरलं. काकू बिचाऱ्या माझ्याहून जास्त घाबरल्या. तू शिलाई मशीनवरून उठलीही नाहीस.

"भुलके खायी ना?"

मी रडत मान हलवली.

"तो अल्लाने खिलाया. थूक, कुल्ला कर, बैठ. रोजा है."

काकूंना तू मराठीत समजावलंस, "इसरून खाल्लं तर मोडत न्हाय. तेनंच दिलं म्हनायचं." काकू म्हणाल्या, "बरं आहे की तुमचं. आमच्यात विसरलं तर पुढच्या एकादशीला परत." संध्याकाळी उरलेली चकली त्यांनी वाटीत झाकून पाठवली. मी खजूर खाल्ला, पाणी प्यायले आणि मग चकली. त्या चकलीची चव अजून माझ्या तोंडात आहे.

आपली खरी भांडणं मी कॉलेजात गेल्यावर सुरू झाली. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीला कारण लावायची मला घाई झाली होती. वक्तृत्व स्पर्धेत मी रोजाच्या शास्त्रीय फायद्यांवर बोलले. पचनसंस्थेला विश्रांती, रक्तशुद्धी, अशी बरीच मोठी नावं. ढाल घेऊन घरी आले. तू टॉवेलच्या कडा शिवत होतीस. कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे घरी येत आणि तू त्यांच्या कडा दुमडून शिलाई मारायचीस. त्याच शिलाईवर माझी फी भरली गेली. तू सगळं भाषण ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस.

"फायदा नै मिल्या तो छोड देगी क्या?"

दुसऱ्या दिवशी मी नवा मुद्दा आणला. म्हटलं, गरिबांची भूक समजावी म्हणून रोजा. तू दाताने दोरा तोडत म्हणालीस, "गरीब बी रखताय ना रोजा. उनो किसकी भूक समजताय?"

मी चिडून विचारलं, मग कशासाठी? तेव्हा तू मशीन थांबवलंस. असं फार कमी वेळा व्हायचं. म्हणालीस, मे महिन्यातली दुपार आहे, घरात कुणी नाही, तुझे अब्बा कामावर, तुम्ही पोरं बाहेर. माझ्या हाताशी माठ आहे. माठाला बाहेरून पाणी सुटलंय. मी एक पेला प्यायले तर कुणाला कळणार? कुणालाच नाही. आणि तरी मी पीत नाही. नमाज दिसते, दान दिसतं, हजला जाऊन आलेला माणूस सगळ्या गल्लीला दिसतो. रोजा फक्त ज्याच्यासाठी ठेवला त्याला दिसतो. "मेरी उसकी बात है," म्हणालीस, आणि मशीन पुन्हा सुरू केलंस.

मी माझा मुद्दा मात्र सोडला नाही. आजही सोडलेला नाही. रोजाच्या दिवसांत ताटातला भात माझ्याने टाकवत नाही. शाळेत डबा न आणलेलं पोर मला लांबून ओळखू येतं. रोजा त्यासाठी नसेल, पण ते त्यातून आलं आहे. हे मी तुला दहादा सांगितलं आणि तू दहाही वेळा "बरं" म्हणून हसलीस. त्या 'बरं'चा अर्थ हो की नाही, ते तू सांगितलं नाहीस.

एक गोष्ट मात्र मी तुझ्याशी कधी बोललेच नाही. माझा बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन धावत आले. पहिला पेढा तुझ्या तोंडाजवळ नेला. तू तो हातात घेतलास, कपाळाला लावलास आणि फडताळात ठेवलास. मला वाटलं, साखर. तेव्हा तुझी साखर नुकतीच निघाली होती. संध्याकाळी सूर्य मावळून मगरिबची अजान झाली आणि तू फडताळ उघडून, उभ्या उभ्या, तो पेढा खाल्लास. तेव्हा समजलं की तुझा रोजा होता. रमजान नव्हता, काही नव्हतं. माझ्या निकालासाठी तू शुक्राना म्हणून, आभाराचा, रोजा ठेवला होतास आणि दिवसभर टॉवेल शिवत होतीस. मला गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी म्हटलं, "गोळी घेतलीस का?" आपल्यात बोलायची हीच रीत होती. तर आज म्हणते. तुझ्यामुळे मी शिकले, फुप्पू. ते पेढ्याच्या वेळी म्हणायचं होतं.

मग साखर वाढत गेली. चौकातल्या डॉक्टर मॅडमनी एका वर्षी स्पष्ट सांगितलं, "मावशी, या रमजानला रोजे नाहीत."

तू खुर्चीत पुढे सरकलीस. "मॅडम, तुमी श्रावणात सोमवार करता की न्हाय?"

"करते की."

"मग? तुमाला चालतं, आमाला न्हाय?"

"मावशी, माझ्या उपासात दुपारी साबुदाण्याची खिचडी असते."

"मग त्याला उपास कशाला म्हनता? जेवनात बदल म्हना."

मॅडम पोट धरून हसल्या. पण चिठ्ठीवरचं तसंच राहिलं. घरी आल्यावर मी कुरआनचं मराठी भाषांतर काढून तुझ्यासमोर बसले. त्यात सरळ लिहिलंय, आजारी माणसाने आणि प्रवाशाने नंतरच्या दिवसांत रोजे भरून काढावेत, आणि ज्याला ते झेपणारच नाही त्याने गरिबाला जेवू घालावं. मी दोनदा वाचून दाखवलं. तू शांतपणे म्हणालीस, "मालूम है. वो बीमारांके वास्ते है."

"मग तू कोण आहेस?"

"मेरेकू शुगर है. बीमारी नै."

त्या वर्षी तू पहिल्याच आठवड्यात चक्कर येऊन मशीनवर पडलीस. त्यानंतर माझ्याशी वाद घातला नाहीस. मी जिंकले होते, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. पहाटे सगळे सहरीला उठायचे, तूच आम्हाला उठवायचीस, कडक भाकरी, दही, शेंगाचटणी पुढे ठेवायचीस, आणि मग दिवसभर आमच्यासमोर पाणीही न पिता हिंडायचीस. औषधाची गोळी घ्यायला आतल्या खोलीत जायचीस आणि दार लावायचीस. आयुष्यभर जे कुणाला दिसू दिलं नाहीस, ते आता ठेवता येत नाही हेही तुला दिसू द्यायचं नव्हतं.

त्यातून तुला बाहेर काढलं खैरूनबीने. चौकात लिंबू-कोथिंबीर विकणारी, एकटी राहणारी, तुझ्याहून थोडी मोठी. राहिलेल्या रोजाच्या बदल्यात एका गरिबाला दोन वेळचं जेवण, याला फिदया म्हणतात. अब्बा म्हणाले, मदरशात पैसे देऊन टाकू. तू म्हणालीस, पैसे म्हणजे जेवण नव्हे, मला जेवताना बघायचंय. तू खैरूनबीला बोलावलंस. ती रोज संध्याकाळी इफ्तारला, रोजा सोडायला, आपल्या दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर बसायची आणि जाताना सहरीचा डबा न्यायची. पहिल्याच दिवशी ती चार जणांत म्हणाली, "हमीदा, तेरे रोजे सब मेरे पेट में जारे." तुला राग येईल असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "तो हल्लू खा. भागके जाते क्या?"

त्यानंतर तुझा चेहरा बदलला. दुपारपासून तू तिच्यासाठी काय करायचं याचा विचार करायचीस. तिला दात नाहीत म्हणून भजी मऊ, तिला आंबट चालतं म्हणून खट्टी दाल. ती प्रत्येक पदार्थाला नावं ठेवायची आणि सगळं संपवायची. एकदा मी तुला म्हटलं, बघ, मी सांगत होते ना, रोजा गरिबांसाठीच असतो. तू म्हणालीस, हा रोजा नाही, हा रोजाचा बदला आहे, आणि खैरून गरीब असली तरी माझी पाहुणी आहे, तिच्यासमोर असलं बोलू नकोस. बरोबर होतं तुझं.

पण रुखरुख होतीच. गेल्या रमजानमध्ये तू मॅडमकडे एकटीच गेलीस आणि एक रोजा मागून आणलास. फक्त एक, अलविदा जुम्याचा, म्हणजे रमजानच्या शेवटच्या शुक्रवारचा. मॅडमनी अटी घातल्या. सकाळच्या गोळीची वेळ त्यांनी बदलून दिली. दुपारी दोनदा बोटातून रक्त काढून साखर तपासायची. आकडा अमुकच्या खाली गेला की ताबडतोब साखरपाणी, चर्चा नाही. तू मौलानांना विचारून आलीस की बोटाला सुई टोचली तर रोजा तुटत नाही ना. नाही म्हणाले. मग तू मला सांगितलंस, "टोच कितना बी."

तो शुक्रवार तू कसा काढलास ते मी शेजारी बसून पाहिलं. तू आजारी दिसत नव्हतीस. दुपारी मशीनवर बसून चार टॉवेल शिवलेस, हौस म्हणून. साखर दोन्ही वेळा बरी होती. माझा भाऊ इरफान हैदराबादहून ईदसाठी आला होता. तिथे तो एसी दुरुस्त करतो. संध्याकाळी दस्तरखान अंथरलं. खजूर, टरबूज, भजी, लाल सरबत. तू खैरूनबीच्या शेजारी बसलीस आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुम्हा दोघींचाही रोजा होता. उन्हाळा लागला होता, कूलर घरघरत होता. कूलर चालू असला की दोन गल्ल्यांपलीकडच्या मशिदीची अजान आपल्याला ऐकू येत नाही. हल्ली सगळ्यांच्या मोबाइलमध्ये अजान असते, म्हणून कुणाला त्याची काळजी नव्हती.

इरफानच्या फोनवर अजान झाली. तू दुआ म्हटलीस, खजूर खाल्लास आणि पाण्याचा पेला उचललास. पाणी पिताना तू डोळे मिटले होतेस. कूलरच्या वाऱ्याने तुझ्या ओढणीचं टोक हलत होतं. मला वाटलं, मी उगाच एवढी वर्षं हिच्याशी भांडले.

आपण दुसऱ्या भज्याला हात घातला आणि लाईट गेली. कूलर थांबला. घरात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मशिदीची अजान सुरू झाली.

सगळ्यांचे हात थांबले. अम्मी म्हणाली, "ये कौनसी अजान है?"

इरफानने फोन पाहिला. मग पुन्हा पाहिला. त्याच्या फोनमध्ये गाव हैदराबादच होतं. तिथे सूर्य आपल्या आधी मावळतो, आणि आपण सोलापुरात बसून हैदराबादच्या सूर्यावर रोजा सोडला होता.

तू मान खाली घातलीस. तुझे खांदे हलायला लागले. मी घाबरून तुझ्या पाठीवर हात ठेवला. तू हसत होतीस. तुला बोलता येत नव्हतं इतकी हसत होतीस. "भूकी सोलापूर में रही," म्हणालीस, "खायी हैदराबाद में." खैरूनबी म्हणाली, "मैं तो टिकट बी नै काढी."

इरफानचं तोंड उतरलं होतं. तो म्हणाला, "फुप्पू, चुकून झालं ना. चुकून खाल्लं तर चालतं. ही लहान होती तेव्हा चकली..."

"ती भूल होती," तू म्हणालीस. "तिला रोजाच आठवत नव्हता. आपल्याला रोजा आठवत होता, सूर्य बघायचा राहिला. ही चूक. हा भरून द्यावा लागणार."

आम्ही सगळ्यांनी ईदनंतर एकेक रोजा ठेवून भरून काढला. खैरूनबीनेही काढला. राहिलीस तू. आणि तू तर ईदच्या दिवशी शिरखुर्म्याच्या वाट्या वाटत प्रत्येक घरात हीच गोष्ट सांगत होतीस. पाटील काकूंनी तर इरफानचं नाव हैदराबाद ठेवलं. पण गोष्ट संपवताना तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "एक रोजा बाकी है मेरा."

मी म्हणायचे, तू आजारी आहेस, याचाही फिदया दे, खैरूनबी आहेच. तू म्हणायचीस, "ये बीमारी से नै टुट्या. इरफान के फोन से टुट्या." शेवटी आपण दोघी मौलानांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून दाढीत हसून सांगितलं, हा रोजा भरून द्यायचा आहे हे खरं, आणि तब्येत देत नसेल तर फिदया द्यायचा हेही खरं. पायऱ्या उतरताना तू म्हणालीस, बघ, मी म्हटलं होतं. मीही तेच म्हटलं.

बकरीदला ऊन होतं. तू मांसाचे तीन वाटे करत होतीस, घरचा, नातलगांचा, गरिबांचा, आणि वाटे करता करता म्हणालीस, पुढच्या सोमवारी ठेवू का? मी म्हटलं, ऊन उतरू दे. मोहरमनंतर तुला ताप आला. दिवाळीत रिपोर्ट यायचे होते. मी म्हणत राहिले, थंडी पडू दे, दिवस लहान होतील. मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. तुला एका रोजासाठी गमवायची माझी तयारी नव्हती. तुझी मात्र एका रोजावाचून राहायची तयारी नव्हती. आपण दोघी आपापल्या जागी ठाम होतो, आणि एकाच ताटात जेवत होतो.

डिसेंबरात मॅडमनी परवानगी दिली. त्याच अटी. तो रविवार होता, मी घरी होते. सोबत म्हणून मीही रोजा ठेवला. सकाळ चांगली गेली. दुपारचा आकडाही बरा आला. मग ऊन समोरच्या भिंतीवर चढायला लागलं तेव्हा मला तुझ्या कपाळावर घाम दिसला. थंडीत घाम. मी बोट टोचलं. आकडा मॅडमनी सांगितलेल्याच्या खाली होता. ऊन भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला पोचलं होतं, फार वेळ राहिला नव्हता.

मी आठवडाभर तयारी केली होती. कुरआनचं भाषांतर उशाशी होतं, मॅडमचा नंबर फोनवर काढून ठेवला होता, अब्बांना बाहेर बसवून ठेवलं होतं. तुला कसं मनवायचं याची वाक्यं मी पाठ केली होती. मी तोंड उघडलं आणि तू म्हणालीस, "शक्कर ला."

मला कळलंच नाही. तू पुन्हा म्हणालीस, "शक्कर का पानी ला, देखती क्या?"

तू बिस्मिल्ला म्हणून पेला तोंडाला लावलास आणि सगळा संपवलास. मी रडायला लागले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "झगडे की तैयारी करके बैठी थी ना?" मग माझा हात धरून हळू बोललीस. "भूकी रहो बोल्या, रही. अब पी बोलताय, पीतूं. दोनों उसीका हुकूम है. हट करना मेरा काम नै."

मी इतकी वर्षं तुला हेच सांगत होते, पुस्तक उघडून. ते तुझ्या तोंडून आलं तेव्हा त्यात हरल्याचा सूर नव्हता. तू समाधानी दिसत होतीस. अजानपर्यंत उशीला टेकून पडलीस. अजान झाल्यावर मी खजूर खाल्ला, अर्धा तुला दिला, तो तू खाल्लास. "अब ये रोजा बीमार का हो गया," म्हणालीस. "तू जीती. खैरून को बुलाना एक दिन."

तो दिवस ठरायच्या आत छातीत कफ झाला, दवाखाना झाला, आणि जानेवारी संपायच्या आत तू गेलीस. त्या रोजाचा आणि तुझ्या जाण्याचा काही संबंध नाही असं मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "श्रावण आला की मावशी आठवणार मला. खिचडी खाताना."

काल खैरूनबीला बोलावलं. मौलानांना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, घरच्यांनी तिच्या वतीने जेवू घातलं तरी होतं, अल्लाह कबूल करणारा आहे. अम्मी स्वयंपाक करते म्हणाली. मी म्हटलं, हे मी करते. दुपारी भात, खट्टी दाल, मऊ केलेली वांगी. खैरूनबी आली, तुझ्या मशीनकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, मग दस्तरखानावर बसली आणि हात आवरून घेतला.

"अकेली खाऊं क्या? तू बी बैठ."

"खाला, हे फुप्पूच्या रोजाचं आहे. तुमच्यासाठी आहे."

"मालूम है किसका है. उनो बी कभी मेरेकू अकेली खाने दी क्या?"

मी बसले. ती जेवता जेवता बोलत होती. डाळीला आंबट कमी. वांगी बरी. अकलूजला शाळेत पोरं ऐकतात का तुझं? लग्नाचं काय केलंस? हमीदाने तुझ्यासाठी दोन मुलगे बघून ठेवले होते, तुला बोलली नसेल. मला खरंच बोलली नव्हतीस. एकाचं पंढरपूरला दुकान आहे म्हणे. मला हसू आलं. तुझ्यामागे या घरात मी हसले ते हे पहिल्यांदा, आणि खैरूनबीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी डबा देते म्हटलं तर ती नको म्हणाली. परत येते, इथेच जेवते, म्हणाली. आणि आली.

थोड्या दिवसांत रमजानचा चंद्र दिसेल. विजापूर वेशीत बाजार भरेल, शेवया आणि खजुरांचे ढीग लागतील, स्टाफरूममध्ये पाण्याचा प्रश्न येईल. या वर्षी मला सहरीला कोण उठवणार हे मी अजून ठरवलेलं नाही. मोबाइलचा गजर लावेन, आणि गाव कोणतं आहे ते आधी बघून घेईन. रोजा कशासाठी, यावर आपलं एकमत झालं नाही ते नाहीच. ते भांडण मी असंच चालू ठेवणार आहे.

पण त्या एका रोजाबद्दल मौलाना काय म्हणाले, पुस्तकात काय लिहिलंय, यातलं तू काहीच विचारणार नाहीस हे मला माहीत आहे. तू एवढंच विचारशील, पेट भरके खायी ना उनो?

खाल्लं, फुप्पू. रात्री मीठ कमी आहे म्हणाली, आणि तरी भात पुन्हा मागून घेतला.